लाल डोळ्यांचा क्वालिटी कंट्रोल

सोनूचे डोळे आलेत हे सोनूच्या आईच्याही आधी रोहिदासला कळलं, आणि त्यात नवल काहीच नव्हतं. रोहिदास चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होता. गाड्यांच्या ब्रेकला लागणारे पाइप दिवसभर दिव्याखाली धरायचे आणि त्यांच्यावर ओरखडा, पोचा, गंज शोधायचा, हे त्याचं काम. वाईट एवढंच, की घरी येताना तो हे काम कंपनीत ठेवून येत नसे. ताटात भाकरी पडली की आधी ती उलटी करून बघायची. टोमॅटो घेताना भाजीवाल्याच्या बल्बसमोर धरायचा. लग्नाला गेला की बाकीचे नवरीची साडी बघत, हा मांडवाचे नटबोल्ट बघे. त्याची बायको मोनिका म्हणायची, "मला बघायला आले तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं. मी समोर बसलेले, आणि हे आपले बशीचा टवका बघतायत."

तर अशा माणसाच्या तावडीत शेजारची तिसरीतली सोनू लिफ्टमध्ये सापडली. तळमजला येईपर्यंत त्याने तिला वर बघायला, खाली बघायला आणि उजवीकडे बघायला लावलं. डोळे टोमॅटोसारखे. कडेला पिवळी चिकटी.

"रिजेक्ट," रोहिदास म्हणाला.

"म्हणजे शाळेला सुट्टी का, काका?" सोनूने आशेने विचारलं.

सुट्टी! इथे रोहिदासला वेगळीच चिंता लागली होती. गैरसमज नको, मानवजातीची चिंता त्याला अजिबात नव्हती. चिंता होती ती कंपनीतल्या लाइनची, म्हणजे तिच्यावर पाइप बनवणाऱ्या माणसांची. पुढच्या शुक्रवारी कंपनीत गिऱ्हाईक येणार होतं. गिऱ्हाईक म्हणजे पिशवी घेऊन घासाघीस करणारं नव्हे. ज्या मोठ्या गाडीकंपनीला हे पाइप जातात तिची माणसं. ती येतात, चालू लाइन बघतात, खुसपटं काढतात, आणि मन प्रसन्न असेल तर ऑर्डरवर सही करतात. प्लँट हेड निरंजन सर म्हणाले होते, "रोहिदास, त्या दिवशी लाइन फुल्ल चालली पाहिजे. सही झाली की सुपरवायझरची खुर्ची तुमची." फिरती खुर्ची होती ती. जेवणाच्या सुट्टीत कुणी नसताना रोहिदास तिच्यावर बसून अर्धी गिरकी घेऊनही आला होता.

आणि लाइन राहत कुठे होती? मोशीच्या ह्याच हिरवाई संकुलात! काही वर्षांपूर्वी एकदम बुकिंग केलं तर बिल्डर सवलत देतो म्हणून रोहिदासनेच लाइनवरच्या सगळ्यांच्या गळी इथले फ्लॅट उतरवले होते. एकच कंपनी, एकच बस, एकच पार्किंग. सवलत मिळाली तेव्हा रोहिदासला हुशारी वाटली होती ती. आता सोनूचे डोळे बघून पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की आपण सगळी अंडी हौसेने एकाच टोपलीत ठेवलीत आणि वर टोपलीला लिफ्टसुद्धा एकच आहे.

त्याच संध्याकाळी पार्किंगमध्ये बैठक बसली. अध्यक्षस्थानी चेअरमन जयसिंग. हे संकुल ज्याच्या वडिलांच्या ज्वारीच्या रानात उभं होतं, तो हा जयसिंग. आता तो जमिनी आणि फ्लॅट विकायचा आणि बाराही महिने काळा गॉगल लावायचा, त्यामुळे निदान त्याला तरी साथीसाठी वेगळी तयारी करावी लागणार नव्हती. शेजारी त्याच्या आई केसरबाई, खुर्चीवर पाय वर घेऊन.

"डोळ्याला डोळा भिडला की डोळं येत्यात," केसरबाईंनी निदान केलं. "आमच्या टायमाला आमी बायका मान खाली घालून चालायचो. कुनाचं डोळं आलं न्हाईत."

"मावशी, मान खाली घालायला लावायचे त्याचं कारण वेगळं होतं," नागसेन म्हणाला. नागसेन रोहिदासचा लाइनवरचा जोडीदार आणि खालच्या मजल्यावरचा शेजारी. त्याचं तोंड बंद ठेवणारं यंत्र चाकणच्या कुठल्याही कंपनीत अजून निघालेलं नाही.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं गुलाबपाणी. कुणी म्हणालं मध. कुणाच्या मेव्हण्याला कांद्याच्या रसाने गुण आला होता. कुणी काकडीच्या चकत्या सुचवल्या, कुणी कोथिंबिरीचं पाणी.

"सगळं एकत्र करा," नागसेन म्हणाला, "वरून दाण्याचं कूट घाला. डोळ्यांचं जाऊ द्या, रात्रीची कोशिंबीर तरी होईल."

रोहिदासला हा पोरखेळ सहन झाला नाही. त्याला सिस्टिम पाहिजे होती. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून तो सरकारी दवाखान्यात गेला आणि खिडकीतल्या माणसाला म्हणाला, आमच्या संकुलात पथक पाठवा.

"पेशंट किती?"

"एक."

"एकाला साथ म्हणत नाहीत."

"मग किती झाले की म्हणतात?"

"ते वरून ठरतं. साथ आली की या, आम्ही साथ येऊ नये म्हणून पथक पाठवू." एवढं बोलून त्या माणसाने चष्मा काढला, डोळा खसाखसा चोळला आणि रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून रोहिदासच्या हातात पत्रकांचा गठ्ठा ठेवला. पत्रकं डेंग्यूची होती. गेल्या वर्षीची उरलेली.

"असू देत," संध्याकाळी गठ्ठा बघून नागसेन म्हणाला. "एखाद्या डासाने डोळा मारला तर कामाला येतील."

इकडे जयसिंगने केसरबाईंच्या निदानानुसार पिंपरीच्या बाजारातून घाऊक गॉगल आणून घरोघरी वाटले. डोळ्याला डोळा भिडायलाच नको! दोन दिवस हिरवाई संकुल म्हणजे गुंडांचं संमेलन झालं होतं. आजोबा गॉगल लावून पेपर उलटा वाचतायत, बायका गॉगल लावून मेथी निवडतायत आणि मेथी टाकून काड्या शिजवतायत. वॉचमनला कोण कुठला कळेना, म्हणून त्याने सगळ्यांनाच सलाम ठोकायला सुरुवात केली. मोनिकाने अंधाऱ्या जिन्यात भलत्याच माणसाच्या हातात कचऱ्याची बादली देऊन "लवकर या, उगाच गप्पा मारत बसू नका," असं बजावलं. तो बिचारा कुरिअरवाला होता, पण टाकून आला. आणि गॉगलखाली घाम आला की काय करायचं? गॉगल काढायचा, डोळे पुसायचे, आणि गॉगल ज्याचा सापडेल त्याचा परत लावायचा.

शेवटी रोहिदासने सूत्रं स्वतःच्या हातात घेतली. आणि हात हाच शब्द इथे महत्त्वाचा आहे.

गेटवर टेबल आलं. टेबलावर टॉर्च, हिरवे स्टिकर, लाल स्टिकर. मागे पाटी: 'झिरो डिफेक्ट गेट'. कंपनीची बस सुटायच्या आधी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची खालची पापणी ओढून डोळा बघायचा. चांगला असेल तर छातीवर हिरवा स्टिकर, लाल असेल तर लाल. रोहिदासने हातात पांढरा हातमोजा चढवला होता. कंपनीतून आणलेला. कंपनीत नियम असा, की एका शिफ्टला एक जोडी. दुसरी मागायला गेलं की स्टोअरवाला असा बघतो जणू आपण त्याच्या मुलीचा हात मागायला आलोय. तेव्हा एक मोजा दिवसभर, हे रोहिदासच्या अंगात भिनलेलं.

"रोहिदास," नागसेनने आपली पापणी पुढे करत विचारलं, "मोजा कशाला घातलास?"

"सेफ्टी."

"कुणाची?"

"सेफ्टी म्हणजे सेफ्टी. त्यात कुणाची काय? वर बघ."

पण खरी गंमत अजून पुढेच आहे. क्वालिटीवाल्यांची एक रीत असते. शिफ्ट सुरू झाली की आधी 'मास्टर पीस' बघायचा. मास्टर पीस म्हणजे मुद्दाम जपून ठेवलेला एक खराब नमुना, लाल डबीतला. तो आधी नीट निरखला की नजर बसते, आणि मग पुढचा खराब माल बरोबर पकडता येतो. रोहिदासने इतक्या वर्षांत मास्टर पीस बघितल्याशिवाय एकही पाइप हातात धरला नव्हता. मग डोळ्यांना मास्टर पीस कुठला?

सोनू!

रोज सकाळी टेबल मांडलं की आधी सोनूला खाली बोलावलं जाई. एका चॉकलेटवर ठरलं होतं. रोहिदास मोज्याच्या अंगठ्याने तिची पापणी ओढून लाली नीट नजरेत भरून घेई, आणि मग त्याच अंगठ्याने, त्याच मोज्याने, पुढचा. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. सोनूच्या आईला वाटे की काहीतरी उपचार चाललेत. सोनूला वाटे की आपण मोठेपणी कंपनीतच जावं.

लोकांनी कुरकूर केली, नाही असं नाही. जयसिंगने चेअरमनने गॉगल काढावा की नाही यावर बराच वाद घातला. केसरबाईंना मात्र प्रकार भलताच आवडला. "ह्या वयात माझं डोळं कोन बघतंय," म्हणत त्या दिवसातून दोनदा रांगेत उभ्या राहत.

पहिल्या दिवशी सगळे हिरवे. रोहिदासची छाती फुगली. त्याने निरंजन सरांना फोटो पाठवला. सरांनी अंगठा पाठवला.

मग एक लाल निघाला. मग दोन. मग अख्खा दुसरा मजला. रोहिदास डगमगला नाही. त्याने तपासणी दिवसातून दोनदा केली. मग पहिला मजलाही लाल झाला, म्हणून त्याने तीनदा केली. जेवढे डोळे लाल होत, तेवढा त्याचा तपासणीवरचा विश्वास वाढे. बघा, तपासलं म्हणूनच सापडले! तपासलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने त्याच्या अंगावर काटा येई.

"पप्पा, मला एक कळत नाही," त्याची नववीतली मुलगी अपेक्षा म्हणाली. तिचाही डावा डोळा सुजून भजं झाला होता. "सगळ्या बिल्डिंगचे आले. तुमचे कसे नाही आले?"

"शिस्त," रोहिदास म्हणाला.

त्याचे एकट्याचेच नाही, आणखी काही जणांचे डोळे शाबूत होते. सगळ्यात वरच्या मजल्यावर भैरू आणि त्याचे सोबती राहत. मराठवाड्यातून आलेली मुलं, चाकणच्या गोदामात रात्रपाळी करणारी. ती परत येत तोवर रोहिदासचं टेबल आवरलेलं असे, आणि टेबल पुन्हा मांडलं जाई तेव्हा ती ढाराढूर झोपलेली. त्यांच्यापैकी एकाचाही डोळा आला नाही. आणि हीच गोष्ट जयसिंगच्या डोळ्यावर आली.

"सगळ्यांचे आले, यांचे नाही. म्हणजे काय ते समजा," जयसिंग म्हणाला. "आणणारे हेच. बाहेरून आणायचं आणि आपल्यात सोडायचं."

भाडेकरू म्हटलं की संकुलात सगळ्यांना सगळं लगेच समजतं. पाणी कमी आलं, भाडेकरू. लिफ्ट बंद पडली, भाडेकरू. मांजर व्यायली तरी संशयाची सुई वरच्या मजल्यावर. त्या मुलांना लिफ्टबंदी झाली.

"दादा, आमचं काय चुकलं?" भैरूने रोहिदासला जिन्यात गाठून विचारलं. "आम्ही तर दिवसभर झोपलेले असतो की."

"तसं काही नाही रे. सिस्टिम आहे," रोहिदास म्हणाला आणि लिफ्टने वर गेला. खरं तर त्यालाही ते पटलं होतं. स्वतः चाकणला नवा आला तेव्हा तोही भाडेकरूच होता, पण ती गोष्ट तो फ्लॅटची किल्ली हातात आली त्याच दिवशी विसरला होता.

शुक्रवार उजाडला. मोशीहून चाकणला कंपनीची बस निघाली. बसमध्ये ड्रायव्हर आणि रोहिदास. नागसेनचा फोन आला, "राव, माझ्या पापण्या फेविकॉलने चिकटवल्यासारख्या झाल्यात. तू आहेस ना? मग लाइन फुल्लच समज."

लाइन बंद. मशीन गप्प, पट्टा गप्प, आणि मधोमध स्वच्छ पांढऱ्या डोळ्यांचा रोहिदास एकटा. गिऱ्हाइकाच्या बाजूने आल्या त्या मिनल मॅडम. उंच, शांत, आणि रोहिदासलाही लाजवेल अशी नजर. त्यांनी रिकामी लाइन बघितली, निरंजन सरांचा घामेजलेला चेहरा बघितला आणि फळ्याकडे बोट केलं.

"व्हाय-व्हाय करू या."

चाकणमध्ये हे लहान मुलालासुद्धा माहीत असतं. काही बिघडलं की 'का' विचारायचं, उत्तर आलं की पुन्हा 'का', आणि असं पाळामुळांपर्यंत जायचं. रोहिदासने मार्कर उचलला. हा त्याचा हातखंडा.

"लाइन का बंद?"

"माणसं नाहीत, मॅडम."

"का?"

"डोळे आलेत."

"सगळ्यांचे एकदम? का?"

"हवामान, मॅडम. दमट हवा."

"हवामान चालणार नाही. पुढचं."

"भाडेकरू, मॅडम."

"त्यांचे आलेत?"

"नाही."

"मग आलेत कुणाचे?"

"ज्यांची..." मार्कर फळ्यावर टेकला तो टेकलाच. "ज्यांची ज्यांची गेटवर तपासणी झाली, त्यांचे."

"तपासणी कशी करता? दाखवा."

रोहिदासने टॉर्च धरल्यासारखा एक हात केला. दुसऱ्या हाताचा अंगठा हवेत उचलला. "आधी मास्टर पीस. म्हणजे सोनू." अंगठा हवेतल्या सोनूच्या पापणीवर टेकला. "मग पुढचा." अंगठा जरा उजवीकडे सरकला. "मग त्याच्या पुढचा..." आणि तिसऱ्या माणसाच्या हवेतल्या डोळ्यापाशी तो अंगठा थांबला. रोहिदासने त्याच्याकडे असं बघितलं, जसं आयुष्यभर ओरखडे असलेल्या पाइपांकडे बघत आला होता.

निरंजन सर खिशातला रुमाल शोधू लागले.

"तुमचे का नाही आले?" मिनल मॅडमनी हळूच विचारलं.

"मोजा, मॅडम," रोहिदास म्हणाला. "मी मोजा घातला होता."

त्याने फळ्यावर शेवटच्या 'का'समोर स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुबक आलं नाही.

मिनल मॅडमनी ते दोनदा वाचलं. "मी जिथे जाते तिथे शेवटच्या ओळीत 'ऑपरेटरचं दुर्लक्ष' लिहिलेलं असतं. इन्स्पेक्टरचं नाव मी पहिल्यांदा बघतेय." निरंजन सरांचा चेहरा उजळला, पण त्या पुढे म्हणाल्या, "पण कारण फळ्यावर लिहून साथ थांबत नाही. तुमच्या संकुलातल्या लोकांना हे माहीत आहे? नाही ना? आज तिथे नोटीस लागली पाहिजे, कारणासकट आणि नावासकट. मला फोटो पाठवा. फोटो आला तर सही. तुमची माणसं बरी झाली की लाइन मी पुन्हा येऊन बघेन."

"लिहून टाका हो, रोहिदास," निरंजन सर घाईने म्हणाले. "नावाने काय होतंय?" नाव त्यांचं नव्हतं.

रोहिदास संकुलात पोचला तेव्हा पार्किंगमध्ये बैठक भरलेलीच होती. विषय एकच: वरच्या मजल्यावरच्या मुलांना खोली खाली करायला सांगणे. भैरू कोपऱ्यात उभा होता, रात्रपाळीचा डबा हातात घेऊन. बाकी सगळे लाल डोळ्यांचे. रोहिदासने मधोमध जाऊन कागद वाचायला सुरुवात केली. डोळे बघण्याने येत नाहीत. डोळ्याला लागलेल्या हाताने, रुमालाने, टॉवेलने, गॉगलने येतात. डोळ्यांना हात लावू नका, लावलात तर साबणाने धुवा, बरं होईपर्यंत घरी थांबा. "आणि ही साथ आपल्या संकुलात मी पसरवली. माझ्या मोज्याने. तुमचा, रोहिदास."

जयसिंग उठला आणि टाळ्या वाजवू लागला!

"बघा, याला म्हणतात मन! भाडेकरूंसाठी माणूस स्वतःच्या अंगावर घेतोय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रोहिदास ओरडला, "अहो, खरंच मी!" टाळ्या आणखी वाढल्या. कुणीतरी शाल आणायला निघालं.

"नोटीस मात्र लावायची नाही," जयसिंग म्हणाला. "चेअरमनच्या गेटवर साथ पसरली म्हटल्यावर इथे फ्लॅट घेईल कोण? कारण भाडेकरूच ठेवू. बहुमताने. हात वर करा."

हात वर जायला लागले. भैरूने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"आरं जयसिंगा, खाली बस," केसरबाई खुर्चीतून कडाडल्या. "ह्या रोहिदासनं माझ्या डोळ्यात रोज दोनदा बोट घातलंय, म्या सोता रांगंत हुबी ऱ्हाऊन घालून घेतलंय. त्या पोरांनी कवा घातलं? सांग की. एकदा तरी घातलं का?"

वर गेलेले हात तसेच अधांतरी राहिले. प्रत्येक जण मनातल्या मनात आपल्या पापणीवर कुणाचं बोट आलं होतं ते आठवत होता, आणि आठवणीच्या टोकाला प्रत्येकाला तो एकच पांढरा मोजा दिसत होता. शाल आणायला निघालेला माणूस जिन्यातूनच परतला. "तरी मी विचारलं होतं, सेफ्टी कुणाची," नागसेन म्हणाला. मग जे कुणाला सुचेल ते बोलू लागलं. कुणी म्हणालं, याला कंपनीत पाइप तरी कोण देतं? सोनूच्या आईने तर चॉकलेटांसकट सगळं काढलं. रोहिदास मान खाली घालून ऐकत राहिला. ठराव बारगळला. भैरूने लिफ्टपाशी जाऊन बटण दाबलं आणि रोहिदासकडे बघून दार धरून ठेवलं, कुणाला वर यायचं असेल तर. मग एकटाच गेला. नोटीस लागली, आणि जयसिंगने गॉगल काढून ती वाचली.

गर्दी पांगल्यावर केसरबाई काठी टेकत जवळ आल्या. त्यांनी पदराने आपले पाणावलेले डोळे टिपले, मग हातानेही टिपले, आणि त्याच हाताने रोहिदासचा उजवा हात घट्ट धरला.

"जाऊ दे लेकरा. कबूल तर केलंस. हितं कोन करतंय?"

दिवसभर सगळं सोसलेल्या रोहिदासला एवढी माया मात्र सोसली नाही. त्याचे डोळे भरून आले. "पप्पा, इकडे बघा, नोटीसबरोबर फोटो!" अपेक्षा ओरडली. त्याने घाईघाईने त्याच हाताने डोळे पुसले, नेमका तेव्हाच फोटो निघाला आणि गेला.

मिनल मॅडमचं उत्तर लगेच आलं. अपेक्षाने ते मोठ्याने वाचलं: "नोटीस वाचली. सही केली. अभिनंदन. फोटोत उजव्या हाताने डोळा चोळणारे गृहस्थच नवे सुपरवायझर असतील, तर त्यांना सांगा, आत्ताच्या आत्ता हात धुवा. आणि डोळे आले तर बरे होईपर्यंत कंपनीच्या गेटाच्या आत पाऊल टाकू नका."

रोहिदासने आपल्या उघड्या, बिनमोज्याच्या हाताकडे बघितलं आणि पार्किंगमधल्या नळाकडे धूम ठोकली. तोटी पूर्ण फिरवली. नळाने एक दीर्घ सुस्कारा सोडला.

"रोहिदासराव," मागून जयसिंगचा आवाज आला, "पाणी एक दिवसाआड येतं. आज आपला दिवस नाही."